अंगठा-प्रमाणित

घडीचे चाकू बनवणाऱ्या त्या कारखान्यात यंत्रं चौतीस होती, माणसं दोनशे होती आणि अंगठा एकच होता. तो तपासणी खात्यातल्या अंगठेसाहेबांचा, उजव्या हाताचा. साहेबांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण बावीस वर्षांत ते मोठ्यानं वाचायची वेळ कुणावर आली नव्हती. फोनवरसुद्धा ते स्वतः "अंगठे बोलतोय" असंच सांगत.

आता हा चाकू म्हणजे काही लढाईला न्यायची वस्तू नव्हे. शिडीवर चढलेल्या वायरमनचा एक हात शिडीला धरलेला असतो. उरलेल्या हातानं खिशातून चाकू काढायचा आणि त्याच हातानं तो उघडायचा, एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा. त्यासाठी पात्याच्या अंगाला एक छोटी खुंटी असते. अंगठ्यानं ती ढकलली की पातं फिरून बाहेर येतं आणि टक्कन अडकतं. नको तेव्हा ते बाहेर येऊ नये म्हणून मुठीच्या आत एका पट्टीवर मोहरीहून बारीक पोलादी गोळी बसवलेली असते. ती पात्यातल्या खळग्यात रुतून पात्याला धरून ठेवते. गोळीचा दाब जास्त झाला तर वायरमन शिडीवर चाकूशी कुस्ती खेळणार. कमी झाला तर चाकू खिशातच आपल्या मनानं उघडणार. मग दाब नेमका किती हवा? इतर कारखान्यांत यासाठी आकडे असतात म्हणे. इथे अंगठेसाहेब होते.

प्रत्येक लॉटमधले दहा चाकू त्यांच्या टेबलावर येत. साहेब डोळे मिटत, चाकू हातात घेत, खुंटीला अंगठा लावत आणि टक्! मग थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. "घट्ट," असं साहेब म्हणाले की लॉट परत जोडणी खात्यात जाई आणि तिथल्या गोळीवाल्या बाई पकडीनं पट्टीचा बाक कमी करत. "सैल" म्हणाले की बाक वाढवत. आणि "ओके" म्हणाले की शिपाई निळ्या शाईचं पॅड पुढे करी, आणि विज्ञानाची पदवी घेतलेला हा माणूस लॉटच्या कागदावर सही न करता अंगठा उठवी. आधीच्या मॅनेजरांना हे इतकं आवडलं, की त्यांनी तो ठसा चाकूच्या खोक्यावरच छापून घेतला. खाली लिहिलं, 'अंगठा-प्रमाणित'.

मध्ये एकदा दाब मोजणारा काटा विकत आणला होता. त्याचं आणि अंगठ्याचं पहिल्याच दिवशी बिनसलं. काटा म्हणे दाब कमी आहे, अंगठा म्हणे ठीक आहे. साहजिकच काटा दुरुस्तीला पाठवला. तो परत आला, पुन्हा तेच रडगाणं. असं तीनदा झाल्यावर दुरुस्तीवाला वैतागून स्वतः कारखान्यात आला, साहेबांना चाकू उघडायला लावला आणि ते "ओके" म्हणाल्याबरोबर सुई तिथे नेऊन बसवली. तेव्हापासून काटा अगदी बिनचूक चालू लागला, म्हणून त्याला कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिला.

घरी या अंगठ्याला जावयाचा मान होता. त्यानं बादली उचलायची नाही, गाठी सोडायच्या नाहीत, थंडीत त्याला एकट्याला लोकरीची टोपी. ती टोपी बायकोनं विणलेली. "बाकीच्या नऊ बोटांनी काय पाप केलंय?" असं ती विचारी, पण दर हिवाळ्यात नवी विणून देई.

आणि गेली सात-आठ वर्षं हा जावई दुखत होता. आधी थोडा, मग बराच. सकाळी शर्टाची बटणं लावताना साहेबांच्या डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, सांधा पार झिजलाय, आता याच्याकडून कामं करून घेऊ नका. साहेबांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, असा अंगठा आजवर पाहिला नाही." हे काही खोटं नव्हतं. कारखान्यात सांगायचा तर प्रश्नच नव्हता. निवृत्तीला सात महिने राहिले होते, आणि निरोपाच्या दिवशी अंगठ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन तो फाटकाजवळच्या काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. जिवंतपणी असा मान कितीजणांना मिळतो? साहेबांना तो हवा होता, अगदी जीव टाकून हवा होता, आणि त्यासाठी सात महिने कळ सोसायची त्यांची तयारी होती.

अशात नव्या मॅनेजरांच्या मनात आलं की कारखान्याला आता नवा चाकू पाहिजे.

मॅनेजर उत्साही माणूस होता. रोज पहाटे पळायला जाई आणि दिवसभर ते सगळ्यांना सांगत असे. त्यानं बुधवारी बैठक बोलावली. टेबलावर डिझायनर मुलीनं तयार केलेले चार नमुने होते, एका हातानं उघडायच्या चार तऱ्हांचे: खुंटीवाला, भोकवाला, शेपटीवाला आणि खटकेवाला. नमुन्यांना धार लावलेली नव्हती, कारण याआधीच्या एका बैठकीत विक्रीप्रमुखांनी नमुन्यानं नखं कापायचा प्रयत्न केला होता.

"खुंटी जुनी झाली," विक्रीप्रमुख म्हणाले. "मार्केटला आता भोक हवंय."

"भोक कशाला?" मॅनेजरांनी विचारलं.

"पात्यालाच गोल भोक असतं," डिझायनर म्हणाली. "अंगठ्याचं पेर त्यात अडकवून पातं ढकलायचं. खुंटीसारखं खिशाच्या शिवणीत अडकत नाही."

"हातमोजा घातला असेल तर?"

"तर जरा पंचाईत होते."

"म्हणजे थंडीत विकायचा नाही," विक्रीप्रमुखांनी लिहून घेतलं.

खटकेवाला सगळ्यांना आवडला, कारण तो उघडायला काही यावंच लागत नाही. बटण दाबलं की गोळी सुटते आणि मनगटाच्या झटक्यानं पातं बाहेर. मॅनेजरांनी तो सलग एकवीस वेळा उघडला आणि बाविसाव्या वेळी तो त्यांच्या हातून चहाच्या कपात पडला. खरी पंचाईत झाली ती शेपटीवाल्याची. त्याच्या पात्याची बारकी शेपटी मुठीच्या पाठीवरून बाहेर डोकावते, ती दाबली की पातं भिरकन फिरून येतं.

"हे कशानं दाबायचं?" मॅनेजरांनी विचारलं.

"तर्जनीनं," डिझायनर म्हणाली.

सगळ्यांनी साहेबांच्या तर्जनीकडे पाहिलं. ती बिचारी बावीस वर्षं अंगठ्याच्या शेजारी धाकट्या दिरासारखी मुकाट राहिलेली.

"तर्जनीला अधिकार आहे का?" मॅनेजरांनी हळूच विचारलं. नियमांची फाइल मागवण्यात आली. तीत स्पष्ट लिहिलं होतं: तपासणी अंगठ्यानेच व्हावी. यावर पन्नास मिनिटं चर्चा झाली. एक बोट मान्य केलं की उद्या बाकीची बोटंही हक्क सांगतील, अशी भीती विक्रीप्रमुखांनी व्यक्त केली. शेवटी तर्जनीला तीस दिवसांचा तात्पुरता कार्यभार द्यावा, मात्र कागदावर ठसा अंगठ्याचाच राहावा, असं एकमतानं ठरलं. चारही तऱ्हांवर साहेबांनी उद्या निकाल द्यायचा, आणि त्याच बैठकीत चालू मॉडेलच्या अकरा हजार चाकूंच्या लॉटवर अंगठा उठवायचा, कारण शुक्रवारी सकाळी ट्रक येणार होता.

"त्या मॉडेलच्या तक्रारी वगैरे?" उठता उठता मॅनेजरांनी विचारलं.

"एकही नाही," विक्रीप्रमुख म्हणाले. "'खिशातच उघडला' अशी सत्तेचाळीस पत्रं आहेत, पण ती मी कौतुकात धरली. आपला चाकू किती सहज उघडतो, हेच लोक सांगतायत. तरी सगळ्यांना उत्तर पाठवलंय, की कृपया आपला खिसा तपासून घ्यावा."

सगळे हसले. अंगठेसाहेबही हसले. निकाल उद्यावर गेला याचंच त्यांना जास्त बरं वाटलं होतं, कारण त्या दिवशी अंगठा सकाळपासून वाकायला तयार नव्हता. त्यांनी चार नमुने पिशवीत टाकले आणि तुलनेसाठी म्हणून तयार लॉटमधला एक चाकूही टाकला. त्याला मात्र कागद उभा चिरेल अशी धार होती.

संध्याकाळी घरी आल्यावर पिशवी खुर्चीवर ठेवून साहेब हातपाय धुवायला गेले. साहेबांच्या मुलीची संध्याकाळची पाळी असली की पाच वर्षांची नात, ठमी, त्यांच्याकडे असे. ती आज टेबलाखाली घर मांडून बसली होती. स्वयंपाकघरात बायकोची फोडणी चालली होती. साहेबांनी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि बाहेरून आवाज आला.

टक्.

आवाज स्वच्छ होता. ना घट्ट, ना सैल. असा आवाज कानी पडला की साहेबांच्या तोंडून शब्द आपोआप निघे, झोपेतसुद्धा निघे, असं बायको सांगायची. तसाच तो आत्ताही निघाला. साबणाच्या फेसातून साहेब मोठ्यानं म्हणाले, "ओके!"

बाहेरून उत्तर आलं, "थँक्यू, आजोबा!"

साहेब तसेच धावले. डोळ्यांत साबण गेला, दाराची चौकट खांद्याला लागली, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. ठमी टेबलाखाली मांडी घालून बसली होती. डाव्या बगलेत बाहुली घट्ट धरलेली, उजव्या हातात लॉटमधला चाकू, पातं पूर्ण बाहेर. एक हात गुंतलेला आणि दुसऱ्या हातानं चाकू उघडलेला. शिडीवरच्या वायरमनला जसं हवं, तंतोतंत तसं.

"हलू नकोस," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. गुडघे टेकून त्यांनी चाकू तिच्या हातातून काढून घेतला, मिटला आणि मग तिची बोटं एक एक करून तपासली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"कसा उघडलास गं?"

"सोप्पंय," ठमी म्हणाली. "मटार सोलतो ना, तसं." आणि तिनं अंगठा हलवून दाखवला. तो अंगठा साहेबांनी आपल्या दोन बोटांत धरून पाहिला. त्यात ताकद म्हणून नव्हती. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून तोच चाकू स्वतः उघडला. उघडला, पण सांध्यातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. नातीला मटार सोलण्याइतकं सोपं होतं ते करताना त्यांना दात खावे लागले होते.

पिशवी सगळ्यात उंच फळीवर ठेवायला ते स्वयंपाकघरात गेले. बायकोची पाठ दाराकडे होती. तिच्या हातात बरणी होती. तिनं ती कमरेशी दाबून झाकण करकचून फिरवलं, उघडलं, मग पुन्हा वरच्यावर बसवलं, आणि वळून गोड आवाजात म्हणाली, "अहो, एवढं उघडून द्या ना, माझ्यानं होत नाहीये."

मग तिला दिसलं की साहेब तिथे बराच वेळ उभे असावेत.

"किती वर्षं?" साहेबांनी विचारलं.

"काय किती वर्षं?"

"सैल करून देतेस."

बायकोनं बरणी ओट्यावर ठेवली. "पाच-सहा झाली असतील. तुमचा चेहरा कसा व्हायचा, माहितेय? मग म्हटलं, आपलं काय जातंय. तुम्हाला बरं वाटतं ना."

साहेबांना भयंकर राग आला. तो कुणावर काढावा हे न कळल्यानं त्यांना रडू आलं, आणि साबण अजून डोळ्यांत होता म्हणून ते खपूनही गेलं. टेबलाखालची पोर, तिच्या हातातलं ते पातं, आणि अशी अकरा हजार पाती ट्रकात चढणार. कुणाकुणाच्या घरी, कुणाकुणाच्या टेबलाखाली. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

गुरुवारी बैठकीच्या आधीच ते जोडणी खात्यात गेले. गोळीवाल्या बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून पट्ट्या वाकवत होत्या.

"बाई, बाक पूर्वीइतकाच ठेवता ना?"

बाईंनी पकड खाली ठेवली. "तुम्ही 'घट्ट' म्हणालात की मी कमी करते."

"आणि 'सैल' म्हणालो की?"

"साहेब, 'सैल' असं तुम्ही आठ वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत."

साहेब शेजारच्या स्टुलावर बसले. आठ वर्षं एकाच बाजूला उतरत आलेला चाकू त्यांना डोळ्यांपुढे दिसला, लॉटमागून लॉट. "मग बोलायचं नाही का तुम्ही?"

"कुणाशी बोलू? अंगठ्याशी?" बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला. "आणि एकदा चाकू उघडताना तुमचं तोंड पाहिलं होतं मी. वाटलं, चांगला माणूस आहे, त्याला त्रास कशाला."

घरात आणि कारखान्यात सगळेच त्यांच्याशी इतके चांगले वागले होते, की त्यातून एवढी मोठी चूक झाली होती. साहेबांनी खिशातून खुंटीवाला बिनधारेचा नमुना काढला. "मी नोकरीला लागलो तेव्हा होता तेवढा बाक देता येईल याला?"

बाईंनी काही मोजलं नाही की विचारलं नाही. पकडीचे दोन दाब दिले, नमुना उलटा धरून झटकला आणि परत दिला. "तुम्ही आधी येऊन विचारलं असतंत, तर आधी दिला असता," त्या म्हणाल्या.

बैठकीत सगळे जमले. तर्जनीच्या कार्यभाराचं पत्र टाइप होऊन आलं होतं. लॉटचा कागद आणि निळं पॅड टेबलाच्या मधोमध होतं.

"निकाल?" मॅनेजरांनी विचारलं.

"चारही नापास," अंगठेसाहेब म्हणाले. "खुंटी असो, भोक असो, शेपटी असो, खटका असो, चौघांना पट्टी एकच आहे आणि ती सैल आहे. तो लॉटही नापास. गेल्या आठ वर्षांत मी पास केलेलं सगळंच नापास धरा." मग ज्यासाठी ते रात्रभर तळमळले होते, ते वाक्य त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. "माझा अंगठा गेलाय, साहेब. सांधा झिजलाय. काल माझ्या पाच वर्षांच्या नातीनं लॉटमधला चाकू एका हातानं उघडला, आणि मी तिला ओके दिलं."

"पण तो खोक्यावर छापलाय," विक्रीप्रमुख म्हणाले.

"हे बाहेर बोलू नका," मॅनेजर म्हणाले. त्यांनी बोटं जुळवून विचार केला. "हे बघा, तुम्ही म्हणता अंगठा चुकतो. ठीक. पण लॉट नापास करतोय तोही तोच अंगठा. मग चुकणाऱ्या अंगठ्याच्या सांगण्यावरून अकरा हजार चाकू कसे थांबवायचे? त्यापेक्षा असं करू. नवीन अंगठा नेमेपर्यंत जुना अंगठा ग्राह्य. तुमच्या निरोपाचं सगळं ठरल्याप्रमाणे होईल, साच्यासकट. करा ठसा." आणि पॅड त्यांच्याकडे सरकवलं.

साहेबांनी पॅडकडे पाहिलं. एक ठसा, की सात महिने निवांत. फाटकाजवळचं काचेचं कपाट त्यांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा पाहिलं होतं, आतल्या दिव्यासकट. ते सोडताना त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी उजवी मूठ मिटली, अंगठा आत घालून, आणि ती टेबलाखाली नेली.

"तुमच्या खिशात चाकू आहे, साहेब?"

"म्हणजे काय! आपलाच. सोनेरी मुलाम्याचा, डायरेक्टरांनी भेट दिलेला."

"त्याला मीच ओके दिलं होतं. उभे राहा आणि तीन उड्या मारा."

मॅनेजर हसले. रोज पळणाऱ्या माणसाला उड्यांचं काय! खुर्ची मागे सारून त्यांनी पहिली उडी झोकात मारली. दुसरी त्याहून उंच मारली. खाली पाय टेकताना एक बारीक 'टिक' झालं. बाकी कुणाला ते कळलं नसतं, पण ही सगळी चाकूच्या कारखान्यातली माणसं होती. गोळी खळग्यातून निसटल्याचा आवाज प्रत्येकानं ओळखला.

मॅनेजरांनीही ओळखला. ते एका पायावर, दोन्ही हात पसरून, तिसरी उडी न मारता उभे राहिले. चेहऱ्याचा रंग भिंतीसारखा झाला.

"कुठवर आलाय?" विक्रीप्रमुखांनी मनापासून विचारलं.

"बाहेर... नाही, आत..." मॅनेजर श्वास न घेता म्हणाले. "कापडातून आलाय. टोचतोय."

"बसून घ्या ना, साहेब."

"बसायला सांगणाऱ्याला मी कामावरून काढीन!"

गोळीवाल्या बाईंना बोलावणं गेलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, मॅनेजरांना छताकडे बघायला सांगितलं, दोन बोटं खिशात घातली आणि सोनेरी चाकू अलगद काढून मिटवून टेबलावर ठेवला. खिशाला भोक पडलं होतं. भोकवाल्या नमुन्यापेक्षा ते बरंच मोठं होतं, असं डिझायनर हळूच म्हणाली.

पुढचं काम झटपट झालं. लॉट थांबवण्याचा ठराव मॅनेजरांनी मांडला. इतिवृत्तात 'मॅनेजरसाहेबांनी हा ठराव उभ्यानेच मांडला' अशी नोंद झाली. सत्तेचाळीस पत्रं कौतुकाच्या फाइलमधून तक्रारीच्या फाइलमध्ये गेली. आधी विकलेले चाकू परत बोलवायचं ठरलं. अंगठेसाहेबांच्या जागी तरुण, मध्यम आणि वयस्कर अशा तीन अंगठ्यांची समिती नेमायची ठरली, आणि समितीत मतभेद झाल्यास तर्जनीचं मत निर्णायक मानायचंही ठरलं. खोक्यावरचा ठसा तसाच ठेवायचा, कारण छपाईचे ब्लॉक तयार होते. खाली फक्त 'आता आणखी दमदार' एवढं वाढवायचं.

"आणि योग्य दाब किती?" मॅनेजरांनी विचारलं. ते अजून उभेच होते.

साहेबांनी बाईंनी वाकवलेला नमुना काढला. त्यांनी डोळे मिटले, खुंटीला अंगठा लावला आणि ढकलला. पातं हललं नाही. पुन्हा ढकललं, आणखी एकदा ढकललं. कपाळावर घाम आला, कळ खांद्यापर्यंत गेली. बावीस वर्षं ज्या कारखान्यात लोक त्यांच्या टक्ची वाट बघत, तिथेच सगळ्यांनी त्यांना तिसऱ्यांदा हरताना पाहिलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी नमुना डिझायनर मुलीकडे दिला. तिनं एका हातात घेतला, टक्! मिटला, उलटा करून जोरजोरात झटकला. पातं जागचं हललं नाही.

"एवढा," साहेब म्हणाले आणि पॅड स्वतःच्या हातानं बंद केलं.

प्लास्टरचा साचा रद्द झाला. सोमवारपासून त्यांनी पाठवणी खात्यात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. त्या चिठ्ठ्या त्यांना डाव्या हातानं चिकटवता येणार होत्या, एवढी सोय मॅनेजरांनी आवर्जून बघितली.

घरी आल्यावर साहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. तिनं त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं काढून दिली, आणि साहेबांनी पहिल्यांदाच ती काढू दिली. मग त्यांनी ठमीला जवळ बोलावलं आणि बिनधारेचा नमुना तिच्या हातात ठेवला. बायकोनं डोळे वटारले, पण साहेबांनी पात्याच्या कडेवरून स्वतःचं बोट फिरवून दाखवलं.

"उघड बघू."

ठमीनं अंगठा लावला. मग दोन्ही अंगठे लावले. जीभ बाहेर काढून, तोंड लाल करून, चाकू पोटाशी दाबून बघितला. पातं काही हललं नाही. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं.

"नाही येत," ठमी हिरमुसून म्हणाली. "तुम्ही उघडा."

साहेबांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग अंगठा लावला, तिच्यासारखाच जीभ बाहेर काढून जोर केला, आणि हात खाली ठेवला.

"मलाही नाही येत गं."

ठमीनं त्यांचा अंगठा आपल्या मुठीत धरला. नीट उलटसुलट करून पाहिला. आणि त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं, समजुतीच्या सुरात म्हणाली, "असू दे, आजोबा. मोठे झालात ना, की येईल."